काल नऊ

आनेकल या नावाची फोड करायला कन्नड पंडित लागत नाही. आने म्हणजे हत्ती आणि कल्लु म्हणजे दगड. दोन्ही वस्तू तालुक्यात भरपूर. बन्नेरघट्ट्याच्या जंगलातले हत्ती नाचणी तयार झाली की न बोलावता शेतात जेवायला येतात, आणि जिगणीच्या कारखान्यांत ग्रॅनाइट कापून, घासून त्यात तोंड दिसेल इतका गुळगुळीत करतात. गेल्या काही वर्षांत या दोहोंच्या जोडीला तिसरी जमात आली आहे : पहाटे साडेपाचला रस्त्यावर धावणारा संगणक अभियंता. हत्ती आणि अभियंता यांच्यात ओळखायची खूण एकच. हत्ती लंगडत नाही.

त्यालाही कारण आहे. हत्ती आपल्याला सपाट पावलाचा वाटतो, पण प्रत्यक्षात तो चवड्यावर उभा असतो आणि त्याच्या टाचेखाली चरबीची जाडजूड गादी असते. त्या गादीला आतून टेकू म्हणून सहाव्या बोटासारखा एक भाग असतो, हेही शास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवून दिलं. म्हणजे कुशन, सपोर्ट, अचूक माप, सगळं जन्मतःच पायात. हप्ते नाहीत, रिव्ह्यू वाचणं नाही, ‘रिटर्न विंडो’ संपल्याची हळहळ नाही.

आपल्या नायकाचं तसं नाही. नायक मूळचा मिरजेचा, वस्ती चंदापूरजवळच्या एका सोसायटीत. त्याला नाव देण्यात अर्थ नाही, कारण बोम्मसंद्र ते अत्तिबेले या पट्ट्यात प्रत्येक सोसायटीत तो एक तरी सापडतोच. फार तर मिरजेच्या जागी बार्शी किंवा अकोला घालायचं. बंगळुरूत २००८पासून दहा किलोमीटरची मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत होते. तिच्या निमित्ताने ऑफिसात एक ईमेल येतो आणि माणसं ‘इंटरेस्टेड’ असं उत्तर पाठवून बसतात. नायकाने ते पाठवलं. मग दोन रात्री जागून बुटांचा अभ्यास केला. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक किती मिलिमीटर, फोम कुठल्या जातीचा, जाळी किती हवेशीर, केनियातले धावपटू काय घालतात, हे सगळं त्याला पाठ झालं. तिसऱ्या रात्री सेल लागला. बाराला पाच कमी असताना त्याने पांढराशुभ्र जोड मागवला. नंबर : नऊ.

नऊ का? तर दहावीचा निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी मिरजेच्या दुकानात त्याला बूट घेऊन दिले, ते नऊ नंबरचे होते. त्या दिवसापासून रक्तगट, जन्मनक्षत्र आणि बुटाचा नंबर या तीन गोष्टी त्याच्या आयुष्यात कायमच्या ठरल्या. मधल्या पंचवीस वर्षांत पँटची कंबर तीस इंचांवरून छत्तीसवर गेली, तिची तक्रार नाही. पण पाऊलही बदलतं, वयाबरोबर त्याची कमान थोडी सैलावते, ते लांबीला आणि रुंदीला पसरतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. एका पावलात सव्वीस हाडं असतात. पंचवीस वर्षांत त्यांपैकी एकाचंही मत कुणी विचारलं नव्हतं.

बरं, हा नऊ तरी कशाचा? सेंटिमीटर नव्हे, इंच नव्हे. इंग्रजांची ही मोजणी जवाच्या दाण्यावर बेतलेली आहे. तीन दाणे लांबीला लांबी लावून ठेवले की एक इंच, आणि एका दाण्याएवढा फरक म्हणजे एक नंबर, सुमारे साडेआठ मिलिमीटर. त्यातही लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत चढतात आणि पुढे मोठ्यांचे पुन्हा एकपासून सुरू होतात. लोकल गाडीने शेवटच्या स्टेशनावर पाटी बदलून परत निघावं, तसा प्रकार. यावर हसायची आपल्याला सोय नाही. आपल्याकडेही जुन्या हिशेबात आठ यव म्हणजे एक अंगुळ, आणि यव म्हणजे जवच. फरक इतकाच की आपण दाणे आडवे मांडले आणि साहेबाने उभे. आडवे मांडणाऱ्यांचे पाय आडवे पसरलेले असावेत, हा निव्वळ योगायोग.

पांढरा जोड आला. पहिल्या आठवड्यात त्याचे फोटो निघाले. दुसऱ्या आठवड्यात करंगळीला फोड आला. तिसऱ्यात उजव्या अंगठ्याचं नख जांभळं झालं, पुढे काळं पडलं. बूट आखूड असला की उतारावर नख प्रत्येक पावलाला पुढे आपटतं आणि नखाखाली रक्त साकळतं, याला फार मोठं शास्त्र लागत नाही. पण धावणाऱ्यांच्या ग्रुपवर नायकाने नखाचा फोटो टाकला तेव्हा अठरा जणांनी अंगठा वर करून अभिनंदन केलं. ‘आता तू खरा रनर!’ मराठी माणसाला दुखण्याचा सन्मान झाला की दुखणं सोडवत नाही. लहानपणी नवी कोल्हापुरी चावायची तेव्हाही घरचे हेच म्हणायचे : चावेल चार दिवस, मग होईल पायाची. कोल्हापुरी होतेही. तेल पाजलं, रोज थोडी वापरली की कातडं नमतं, पायाचा आकार घेतं. प्लास्टिकचे धागे आणि फोम असलं काही करत नाहीत. धावायचा बूट दुकानात पहिल्या मिनिटाला पायाचा वाटला तरच तो पायाचा. ही वाट कोल्हापुरीच्या बरोबर उलटी आहे, आणि आपली फसगत इथेच होते.

चौथ्या आठवड्यात टाच दुखायला लागली. कशी? सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा मारल्यासारखं व्हायचं; दहा-बारा पावलांत कमी; ऑफिसात तासभर बसून उठलं की पुन्हा खिळा. शेवटी बायकोने शनिवारी संध्याकाळी त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि चंदापूर–आनेकल रस्त्यावरच्या एका जुन्या बुटांच्या दुकानात नेलं.

दुकानदार साठीचे, कपाळाला विभूती, नाकावर चष्मा. नायक पायरी चढताना त्यांनी नुसतं पाहिलं आणि विचारलं, “कालु नोवा?”

नायकाचा चेहरा उजळला. “हो ना अण्णा, काल नऊ! पण परवा बारा झाले होते.”

त्याला वाटलं, मराठी बोलणारा दुकानदार भेटला आणि तो कालच्या किलोमीटरांची चौकशी करतोय. दुकानदारांना वाटलं, गिऱ्हाईकाने पाय दुखत असल्याचं कबूल केलं. कालु म्हणजे पाय, नोवु म्हणजे दुखणं. प्रश्न एक, उत्तर भलतंच आणि दोन्ही आपापल्या जागी खरी. बायकोने भाजीवाल्यांकडून आणि कामवाल्या बाईंकडून कन्नड उचललं होतं; तिने दोन्ही बाजूंना अर्थ सांगितला आणि मग तिघंही हसले. त्यात सर्वांत कमी नायक, कारण तो तोवर बसला होता आणि त्याला पुन्हा उठायचं होतं.

अण्णांनी मशीन वगैरे काही काढलं नाही. बुटाच्या खोक्याचं झाकण फाडून पुठ्ठा जमिनीवर ठेवला, त्याची कड भिंतीला लावली आणि नायकाला मोजे घालून त्यावर उभं केलं. बसून नाही, उभं. अंगाचं वजन पडलं की पाऊल पसरतं, आणि धावताना माणूस बसलेला नसतो. टाच भिंतीला. पेन्सिल सरळ उभी धरून त्यांनी पावलाभोवती रेघ मारली. मग दुसरं पाऊल. उजवं डाव्यापेक्षा मोठं निघालं. बहुतेकांची दोन पावलं थोडी लहानमोठी असतात, आणि बूट घ्यायचा तो मोठ्या पावलासाठी. मग नायकाचा पांढरा बूट त्यांनी उचलला, पालथा केला आणि पुठ्ठ्यावरच्या रेघेवर ठेवला. चवड्याच्या दोन्ही बाजूंनी पेन्सिलची रेघ तळव्याबाहेर डोकावत होती, मांडीवर बसवलेल्या मोठ्या पोराचे पाय खाली लोंबतात तशी.

“स्वल्प अगल बेकु,” अण्णा म्हणाले.

“अगल-बगल?” नायकाने विचारलं.

“जरा रुंद पाहिजे म्हणतायत,” बायको म्हणाली. “आणि अगल-बगलही तेच.”

खरी गोम इथे आहे. बूट चावला की आपण नंबर वाढवतो, म्हणजे लांबी वाढवतो, आणि टाच आत पचपच हलायला लागते. चावत असते ती रुंदी. परदेशी कंपन्या रुंदीला अक्षरं देतात : पुरुषांसाठी डी म्हणजे मधली, टू-ई म्हणजे रुंद, फोर-ई म्हणजे आणखी ऐसपैस. पण आपल्या फळीवर बहुधा नुसता डी येऊन बसतो. अर्ध्या नंबरांचीही तीच गत. साडेनऊ मागितला तर दुकानदार एकतर नऊ देतो आणि म्हणतो ‘सैल होईल’, नाहीतर दहा देतो आणि म्हणतो ‘जाड मोजा घाला’. मोजणीच्या शास्त्रात याला काय म्हणतात कोण जाणे, घरी याला जमवून घेणं म्हणतात.

आपले पाय साहेबाच्या साच्यापेक्षा रुंद आहेत, ही अण्णांची एकट्याची समजूत नव्हे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी लाखाहून अधिक लोकांची पावलं त्रिमिती यंत्रांनी मोजली. निष्कर्ष आला तो असा की भारतीय पावलं साधारणपणे रुंद आहेत, आणि आपण आखूड-अरुंद टाळण्यासाठी लांब बूट घेऊन नाड्या आवळत बसतो. बाईचं पाऊल साधारण अकराव्या वर्षापर्यंत भराभर वाढतं, पुरुषाचं पंधरा-सोळापर्यंत, असंही दिसलं. यावरून नवी भारतीय मापं सुचवली गेली. त्यांचं नाव ‘भा’. भारताचा भा. रामायणाच्या श्रोत्याला मात्र आधी भरत आठवतो. त्याने पादुका सिंहासनावर ठेवून चौदा वर्षं राज्य केलं, पण एकदाही पायात घालून पाहिल्या नाहीत. त्यामुळे मापाचा प्रश्नच उद्भवला नाही.

अण्णांकडे त्या दिवशी नायकाच्या रुंदीचा जोड नव्हता. “मंगळवारी मागवतो,” ते म्हणाले.

शनिवार ते मंगळवार हा काळ धोक्याचा असतो. या चार दिवसांत नायकाने अनवाणी धावण्याचं साहित्य वाचलं. आणि ते वाचून डोकं फिरणार नाही असा माणूस विरळा, कारण त्यातले दाखले खरोखरच अंगावर काटा आणणारे आहेत. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती झाल्या, तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी खेड्यातली शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना पाहिली. त्यांची वेळ पाहून त्यांना वाटलं, यांना ऑलिम्पिकला का नेऊ नये? पुढच्या वर्षी अँटवर्पला जे सहा जण गेले, त्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. ती मॅरेथॉन नेहमीच्या अंतराची नव्हती, ४२.७५ किलोमीटर, ऑलिम्पिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. चौगुल्यांनी ती दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावे आले. सीमाभागातल्या मराठी माणसाने याहून लांबचा पल्ला फक्त कोर्टात गाठला आहे.

मग १९६०चं रोम. इथिओपियाचा अबेबे बिकिला. असं सांगतात की बूट पुरवणाऱ्या कंपनीकडे उरलेल्या जोडांपैकी एकही त्याच्या पायाला नीट बसेना. त्याने चावणारा बूट घालण्याऐवजी बूटच घातला नाही, आणि अनवाणी पळून सुवर्णपदक जिंकलं, तेही त्या वेळच्या विक्रमी वेळेत. नायक इथे थांबला. थोडं पुढे वाचलं असतं तर कळलं असतं की चार वर्षांनी टोकियोत त्याच बिकिलाने बूट-मोजे घालून तीन मिनिटं आणखी लवकर शर्यत संपवली. त्याची तक्रार बुटांबद्दल नव्हती. मापाबद्दल होती.

आणि बारामतीच्या लता करे! नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून मॅरेथॉनमधली ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत अनवाणी धावली आणि जिंकली. त्यांच्यावर पुढे सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच स्वतःची भूमिका केली आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखही मिळाला. या बाईंचं नाव घेऊन कुणी अनवाणी धावण्याचे फायदे सांगायला लागलं, तर त्याला तिथेच थांबवावं. ती हौस नव्हती.

रविवारी पहाटे नायक अनवाणी बाहेर पडला. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी २०१०मध्ये दाखवलं होतं की जन्मभर अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात आणि बूटवाले टाचेवर. म्हणून नायकही चवड्यावर उतरला. पण ‘जन्मभर’ हा शब्द त्याने सोडून दिला होता. शिवाय लिबरमन यांच्या वाटेवरून जिगणीच्या लॉऱ्या जात नसाव्यात. इथल्या रस्त्याच्या कडेला ग्रॅनाइटची खडी पसरलेली असते, आणि तिचं मोजमाप जवाच्या दाण्यात होत नाही. नायक दोनशे मीटर गेला आणि रिक्षाने परत आला. बोटं वेगळी असलेले, पायमोज्यासारखे पातळ बूट अमेरिकेत विकणाऱ्या एका कंपनीने, त्या बुटांनी पाय बळकट होतात असे दावे केले म्हणून २०१४मध्ये साडेसदतीस लाख डॉलरवर गिऱ्हाइकांशी तडजोड केली. रिक्षाचे ऐंशी रुपये त्या मानाने काहीच नाहीत.

एव्हाना बातमी मिरजेला पोचली होती. आईने फोनवरच निदान केलं, “टाचेचं हाड वाढलंय.” आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने ती बंगळुरूला येऊन पोचली. पिशवीत मिरजेचे पेढे नव्हते. काशाची वाटी आणि गाईचं तूप होतं. सोमवारी रात्री नायकाच्या तळव्याला तूप लावून तिने वाटी फिरवायला सुरुवात केली. तूप काळं झालं. “बघ, सगळी उष्णता निघाली,” ती म्हणाली. काशातला धातू तुपाशी घासला की तूप काळं होतंच, ही माहिती नायकाला होती, पण तो बोलला नाही, कारण अर्ध्या वाटेवर त्याला झोप लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंना टाच दाखवली, त्यांनी त्या दुखण्याला प्लांटर फॅशिआयटिस म्हटलं : तळव्याखालून टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत जो जाड पट्टा जातो, त्याच्या टाचेकडच्या टोकाचं दुखणं. रात्रभर पट्टा आखडतो, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल. हाड वाढल्याचं काय, असं नायकाने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, एक्स-रेत वाढलेलं हाड दिसूनही टाच न दुखणारी माणसं पुष्कळ असतात. उपाय साधा आणि म्हणूनच कंटाळवाणा निघाला : काही आठवडे अंतर कमी करा, भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणा, पायाची बोटं मागे ओढून तळवा ताणा, आणि पाण्याची गोठवलेली बाटली पायाखाली फिरवा.

“म्हणजे वाटीच की,” आई म्हणाली. “फक्त थंड.”

पायाच्या कमानीवरून बूट निवडण्याबद्दलही नायकाने विचारलं. ओल्या पावलाचा ठसा कागदावर उमटवून तो तयारीने गेला होता. त्यावर त्या हसल्या. अमेरिकी लष्कराने नव्या जवानांवर हे करून पाहिलं आहे. काहींना कमानीप्रमाणे वेगवेगळे बूट दिले, काहींना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत फारसा फरक पडला नाही. कॅलगरी विद्यापीठातले संशोधक बेन्नो निग तर म्हणतात, पायाला जो आरामाचा वाटतो तोच घ्या. नायकाला हे पटायला जड गेलं. दोन रात्रींच्या जागरणाचा शेवट ‘आरामाचा वाटतो तो’ इथे व्हावा?

मंगळवारी संध्याकाळी तिघंही अण्णांकडे गेली. संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. खोक्यातून निघाला तो दहा नंबरचा, रुंद, आणि भाताच्या चिखलासारख्या तपकिरी रंगाचा. सेलमध्येही कुणी घेणार नाही असा. नायकाने पाय घातला आणि त्याचे खांदे खाली आले. अण्णांनी पुढून दाबून पाहिलं : सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. मग त्यांनी नाडी शेवटच्या भोकात ओवली. बुटाला वर ते एक जादा भोक असतं, त्यात नाडी घालायची कुणाला आठवण होत नाही. त्यातून दोन्ही बाजूंना छोटी कडी करून, नाडीचं टोक समोरच्या कडीतून काढून ओढलं, की टाच जागच्या जागी बसते आणि चवडा मोकळा राहतो. नायक दुकानाबाहेर पन्नास पावलं धावला. रस्त्यावरचा कुत्रा मागे लागला, तेव्हा आणखी पन्नास.

बायकोने स्वतःचाही पुठ्ठा काढून घेतला. तिचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब निघालं. ज्या बाईचं हे बोट लांब ती घरावर राज्य करते, असं म्हणतात. आईने चष्मा पुसून रेघ नीट पाहिली आणि काही न बोलता चष्मा परत लावला. बायकोची अडचण वेगळी होती. बुटात जोडवी टोचायची. ती वर्षभर गप्प राहून बोटाला चिकटपट्टी गुंडाळून धावत होती. आता विषय सासूसमोर निघाला होता.

“मग काढून ठेव की धावताना,” आई म्हणाली. “काळं नख करून घ्यायला हा एक पुरे झाला.”

त्या रात्री घरात वर्तमानपत्रावर प्रत्येकाच्या पावलाची रेघ मारून झाली, पाहुण्यांचीसुद्धा. उरला पांढरा जोड. परत करायची मुदत संपलेली. भावाला लहान, मेव्हण्याला अरुंद. शेवटी नायकाला मराठी संस्कृतीतला एक खात्रीचा मार्ग आठवला : नवे बूट देवळाबाहेर काढून ठेवले की जातातच. शनिवारी मारुतीच्या देवळात गर्दी होती. त्याने पांढरा जोड पायरीवर अगदी समोर, उजेडात ठेवला आणि पिशवीतून आणलेली चप्पल घालून आरतीनंतर मागच्या दाराने घरी आला.

रविवारी सकाळी तो तपकिरी बुटांत त्याच रस्त्याने धावत गेला. पांढरा जोड पायरीवरच होता. फक्त थोडा सरकलेला, आणि उजव्या बुटाची नाडी पार शेवटच्या भोकापर्यंत सोडलेली.